टॉर्चचा आर्गॉन आणि पाइपातला आर्गॉन

"दादा, टॉर्चमधून गॅस येतोच आहे की! मग ही दुसरी नळी पाइपात कशाला?" माझ्याकडे वेल्डिंगच्या कामाला लागलेला प्रत्येक नवा पोरगा पहिल्या आठवड्यात हे विचारतो. एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं, काम देणारे मालकही विचारतात, फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे सिलेंडरचं बिल असतं. प्रश्न रास्त आहे. गॅस तोच, बऱ्याचदा सिलेंडरही तोच. पण दोघांची कामं अगदी वेगळी, आणि एकाचं काम दुसरा करत नाही.

टॉर्च म्हणजे टिग वेल्डिंगमध्ये हातात धरायचं हत्यार, त्याच्या टंगस्टनच्या टोकाशी वीज पेटून धातू वितळतो. टॉर्चमधून मिनिटाला आठ-दहा लिटर आर्गॉन येतो. तो टंगस्टनचं टोक, वितळलेला धातू आणि फिलरचं, म्हणजे जोडात भरायच्या कांडीचं, तापलेलं टोक वरून झाकून ठेवतो. त्यात गडबड झाली की लगेच कळतं. दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि शेडला ताडपत्री बांधलेली नसली, तर मणी, म्हणजे जोडावर बसलेली धातूची रेघ, डोळ्यांदेखत काळा पडतो.

दुसऱ्या नळीने पाइपात आर्गॉन सोडून आतली हवा हाकलायची, याला पर्जिंग म्हणतात. हा आर्गॉन राखतो ती जोडाची आतली बाजू. तिथली गडबड काम चालू असताना दिसतच नाही, म्हणून ती जास्त वाईट. फळांचा पल्प किंवा दूध वाहून नेणाऱ्या लाइनच्या पाइपाची भिंत साधारण 1.6 मिलिमीटर जाड. जोड पक्का व्हायचा तर धातू आरपार वितळायला हवा, म्हणजे पाइपाच्या आतही तो लालबुंद होणार. तिथे टॉर्चचा गॅस पोचत नाही. तिथे असते साधी हवा, तिच्यात 21 टक्के ऑक्सिजन. 304 नावाच्या नेहमीच्या एसएसमध्ये क्रोमियम सुमारे 18 टक्के असतं. थंड असताना हेच क्रोमियम ऑक्सिजनशी मिळून डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतं, म्हणून तर एसएस गंजत नाही. पण वितळलेलं असताना त्याला हवा मिळाली की आतून काळे, खडबडीत दाणे फुलतात. शुगरिंग म्हणतात त्याला. दिसायला अगदी कढईच्या बुडाला करपलेल्या गुळासारखं.

एमएसच्या, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या, पाइपात एवढं क्रोमियम नसतं, त्याचा रूट, म्हणजे जोडाचा आतला तळ, आतल्या हवेतही बरा येतो. म्हणून एमएसवर हात बसलेल्या चांगल्या वेल्डरलाही पर्जिंग म्हणजे फुकटचे चोचले वाटतात. मलाही वाटायचे.

सुरुवातीच्या काळात रत्नागिरीकडच्या एका आंबा पल्पच्या युनिटमध्ये मी दोन इंची लाइन पर्ज न करता जोडली. बाहेरून मणी चांदीसारखा. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा सुरू झाला आणि लाइन धुतली तरी आंबूस वास जाईना. एक जोड कापून उभा चिरला. आत बोट फिरवलं तर किसणीवरून फिरवल्यासारखं लागलं. दाण्यांच्या फटींत पल्पाचे तपकिरी धागे घट्ट बसले होते, नखाने उकरूनही निघेनात. लाइन धुवायचं कॉस्टिक सोड्याचं पाणी त्यावरून वाहून जात होतं, फटीत शिरत नव्हतं. सगळे जोड कापले आणि माझ्या खर्चाने पुन्हा केले.

आता बिलाचं बोलू. दोन इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये जेमतेम पावणेदोन लिटर हवा मावते. जोडाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर स्पंजचे बोळे बसवले, तर मधे अर्धा लिटर. ती हवा हाकलायला साधारण दहापट आर्गॉन सोडायचा, म्हणजे पाच लिटर. मग काम चालू असताना मिनिटाला चार-पाच लिटर पुरतो. म्हणजे टॉर्चपेक्षा कमीच. मोठ्या सिलेंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर गॅस असतो. गॅस वाया जातो तो बोळे न लावता सहा मीटरची अख्खी पाइप भरत बसल्याने.

आर्गॉन हवेपेक्षा सुमारे 1.4 पट जड. म्हणून नळी खालून घालायची आणि हवेला बाहेर पडायला वरच्या अंगाला भोक ठेवायचं. जोडाच्या फटीवर टेप लावायची आणि टॉर्च पुढे जाईल तशी सोलत जायची. बाहेर जायचं भोक बुजलं की आत दाब वाढतो आणि शेवटचा तुकडा मिटवताना वितळलेला धातू बाहेर फेकला जातो. जाड पाइपाला रूट झाला म्हणून गॅस लगेच बंद करू नका, दुसऱ्या रनला, म्हणजे वरचा थर भरताना, तोच रूट पुन्हा तापतो.

मग पर्जिंग कुठे नको? बंगल्याच्या गॅलरीच्या रेलिंगला नको. त्या पाइपातून काही वाहत नाही. मात्र किनाऱ्यावर रेलिंगच्या खांबाचं तोंड खाली उघडं ठेवू नका. खारं पाणी आत चढतं आणि वर्षभरात जोडाखालून तपकिरी ओघळ येतात.

आत हातच पोचत नाही अशा ठिकाणी फ्लक्सचा, म्हणजे वितळून धातूला हवेपासून झाकणारा, लेप असलेली टिगची कांडी मिळते. तिने रूट वाचतो, पण आत स्लॅगची, म्हणजे थिजलेल्या फ्लक्सची, पापडी राहते. पाण्याच्या किंवा वाफेच्या लाइनला, ती पापडी धुऊन काढता येत असेल तर, ठीक. पल्पच्या लाइनला मी ती वापरत नाही.

खड्ड्यात किंवा टाकीत उतरून काम असेल तर आधी पंखा लावून हवा खेळती करा. आर्गॉन तळाशी साठतो, त्याला वास नाही आणि माणूस गुदमरतोय हे त्यालाही कळत नाही.

काम झाल्यावर मोबाइलचा दिवा घ्या आणि पाइपाच्या तोंडातून आत बघा. चांदीचा किंवा फिकट गवती रंग असेल तर लाइन जोडा. निळा-जांभळा असेल तर पिकलिंग करून, म्हणजे आम्लाच्या पेस्टने तो रंग काढून, भरपूर पाण्याने धुऊन मगच. काळे दाणे दिसले तर पेस्ट लावत बसू नका. तिथे ग्राइंडर पोचत नाही, जोड कापावा लागतो.