संवादरहित ॲनिमेशनपट

पात्रे एक शब्दही न बोलता ज्यात कथा उलगडते असा चित्रांकित चित्रपट. त्याला मूकपट म्हणण्याची पद्धत चुकीची आहे. मूकपटाच्या फितीवर ध्वनीच नसे आणि बोलणे पाट्यांवर लिहून दाखवत. इथे पाऊस, पावले, दाराची कडी, गाणी सगळे ऐकू येते. नसते ते फक्त बोलणे. मान किती वळली, पाऊल कुठे अडखळले, एवढ्यावरून मनातले ताडायचे.

वडोदऱ्याशी या कलेचा एक जुना धागा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या कलाभवनात १८९० साली दादासाहेब फाळके शिकायला आले. चित्रकला, प्रतिकृती घडवणे आणि प्रा. त्रि. क. गज्जरांच्या उत्तेजनाने छायाचित्रण त्यांनी इथेच शिकून घेतले. पुढे १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या बीचे रोप होताना एकेक चौकट टिपून ते पडद्यावर वाढताना दाखवले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर काड्याच किंचित किंचित सरकवून नाचवल्या. निर्जीव वस्तूला न बोलता जीव आणण्याचे मर्म त्यात आहे.

घरात मराठी, बाजारात गुजराती आणि पडद्यावर हिंदी अशा वडोदऱ्यात तर या प्रकाराचे मोल अधिकच. दांडिया बाजारातली मराठी आजी आणि शेजारचा गुजराती मुलगा असा चित्रपट शेजारी बसून सारखाच पाहू शकतात. कोणी कोणाला अर्थ सांगत बसायला नको.

मैत्री आणि ताटातूट हा विषय त्यात कसा खुलतो हे ‘रोबॉट ड्रीम्स’ (२०२३) पाहताना कळते. पाब्लो बर्जर या स्पॅनिश दिग्दर्शकाचा हा चित्रपट सारा व्हॅरन यांच्या २००७ च्या चित्रकादंबरीवर आधारलेला असून त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. (२०२४ च्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन संवादरहित चित्रपटाने पुढे तो पुरस्कार जिंकलाही.) १९८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधला एकटा कुत्रा टपालाने यंत्रमानव मागवतो, स्वतः जोडतो आणि उन्हाळाभर दोघे हातात हात घालून शहर पालथे घालतात. समुद्रात पोहल्यावर मात्र यंत्रमानवाचे सांधे धरतात. कुत्र्याला तो उचलवत नाही. दुसऱ्या दिवशी अवजारे घेऊन येतो तर किनारा हंगामापुरता बंद, तो थेट १ जूनपर्यंत.

दगा कोणीच देत नाही. आड येतात ते खारे पाणी, गंज आणि फाटकाचे कुलूप, म्हणून दोष द्यायलाही कोणी सापडत नाही. वाळूत पडलेला यंत्रमानव घरी पोचल्याची स्वप्ने पुन्हा पुन्हा पाहतो. शेवटी तो वेगळ्या घरात, नव्या सोबत्यापाशी असतो. खालच्या रस्त्यावर जुना मित्र दिसतो, त्याच्याही बाजूला नवा सोबती. यंत्रमानव हाक मारत नाही. त्यांचे उन्हाळ्यातले गाणे लावतो आणि भिंतीआड लपून नाचतो. खाली कुत्र्याचीही पावले त्याच तालावर पडू लागतात.