स्कीखालचा बर्फ वजनाने वितळतो का?

"माणसाच्या वजनाने खालचा बर्फ वितळतो, म्हणून स्की घसरते." शाळेपासून ऐकलेलं, मलाही वर्षानुवर्षं पटलेलं. पण कॅल्क्युलेटर घ्या. 80 किलोचा माणूस आणि 2 मीटर लांब, 7 सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की: चौरस सेंटिमीटरला जेमतेम 30 ग्रॅम. बर्फाचा द्रवणांक एकाच अंशाने उतरवायला मात्र तेवढ्याच एका चौरस सेंटिमीटरवर 130 किलोंच्या आसपास लागतात! वळणावर नुसत्या कडेवर तोललेल्या शर्यतपटूचा दाब कित्येक पट वाढतो खरा, तरी उणे 10 अंशांवर तोही पुरत नाही.

मग घसरतं कशाने? मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेने (तळहात चोळून बघा). शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात. शर्यतीआधी बर्फाचं तापमान मोजून स्कीच्या तळाचं मेण निवडतात, ते याच घर्षणासाठी.