नियम कळतो, पण हात जुन्या वाटेनं जातो

टेबलावर चार पत्ते: एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळं. हातातल्या गड्डीतला एकेक पत्ता यांपैकी एकाखाली ठेवायचा. रंग जुळवायचा, आकार की संख्या, हे कुणी सांगत नाही. परीक्षक फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. ओळीनं दहा पत्ते बरोबर लागले की तो न सांगता नियम बदलतो.

ही चाचणी १९४८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून आली. धडधाकट माणूस नियम बदलला तरी सहसा थोड्या चुकांत सावरतो. १९६३ मध्ये मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी मॉन्ट्रियलमधल्या अपस्माराच्या रुग्णांचे निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रियेत कपाळामागच्या मेंदूचा भाग काढलेले रुग्ण पहिला नियम, म्हणजे रंग जुळवण्याचा, शिकत. तो बदलला की मात्र ‘चूक, चूक’ ऐकूनही रंगच जुळवत राहत. शिकण्याची ताकद होती. शिकलेलं बाजूला ठेवण्याची नव्हती. मला या चाचणीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तीन वर्षांच्या मुलांतही हेच दिसतं. आधी रंगानुसार चित्रं लावायला शिकवून मग ‘आता आकार बघ’ म्हटलं, तर ‘ससे कुठे ठेवायचे?’ याचं उत्तर मूल अचूक देतं आणि लगेच ससा जुन्या रंगाच्या ढिगात टाकतं. ते ऐकत नाही असं नव्हे. कपाळामागचा हा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते.

चूक झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मेंदूच्या पुढच्या मध्यभागातून एक विद्युतलहर उमटते. अपेक्षित बक्षीस हुकलं की डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी क्षणभर मंदावतात, अनपेक्षित मिळालं की जोरात चेततात. ‘हिशेब चुकला’ ही खबर अशी पोचते. नियम धरून ठेवणाऱ्या पेशीही सापडल्या आहेत: २००१ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात काही पेशी समोरच्या चित्राप्रमाणे नव्हे, तर त्या वेळी लागू असलेल्या नियमाप्रमाणे कमी-जास्त चेतत होत्या.

पार्किन्सन या मेंदूच्या आजारात डोपामिन घटतं. त्यामुळे हात थरथरतो, तसंच एका कामातून दुसऱ्यात मन वळवणंही अनेकांना जड जातं. घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो. कंपाची तक्रार डॉक्टरांकडे नेताना हेही त्यांच्या कानावर घालावं.