मोडेमचा ड्रायव्हर आणि २४० बाइटांचं अंतर

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. ‘मामा, एरर दोन म्हणजे नक्की काय?’

तिच्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. यूएसबीला लावायचा एक जुना मोडेम तिला मिळाला होता आणि त्याच्यासोबत आलेल्या फोल्डरमधला ड्रायव्हर, म्हणजे मोडेम चालवणारा प्रोग्राम, काही केल्या कंपाइल होत नव्हता; माणसाने लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होत नव्हतं. स्क्रीनवरून ओळी भराभर पळायच्या आणि शेवटी ‘मेक’ नावाचा प्रोग्राम ‘एरर २’ लिहून थांबायचा. या एरर दोनचा अर्थ शोधण्यात तिचे दोन दिवस गेले. लॅपटॉप चार वेळा बंद-चालू करून झाला. तीच आज्ञा पुढे ‘सुडो’ लावून, म्हणजे पूर्ण अधिकारानिशी, देऊन झाली. कुठून कुठून मिळालेल्या आज्ञा जशाच्या तशा चिकटवूनही झाल्या.

एरर दोनमधून कारण कधीच कळत नाही. ‘मेक’ हा मुकादम आहे. कोणती फाइल आधी, कोणती नंतर हे ठरवून तो कंपायलरला, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, कामाला लावतो, आणि काम कुठेही अडलं की ‘अडलं’ एवढं कळवायला २ हा आकडा परत देतो. एखादी फाइल सापडली नाही तरी २, स्वल्पविराम चुकला तरी २. कारण सांगतो तो कंपायलर, आणि तेही बरंच वर, पहिल्या चुकीपाशी. पहिल्या चुकीनंतर तो पुढचा मजकूर अंदाजाने वाचत जातो. एक कंस राहून गेला तर त्याखालच्या पन्नास बिनचूक ओळीही त्याला चुकीच्या वाटू शकतात. म्हणून मी तिला म्हटलं, ‘वर जा. एरर हा शब्द पहिल्यांदा जिथे आलाय ती ओळ मला वाचून दाखव.’

तिने वाचली: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन इनिट-टायमर’. ड्रायव्हर ‘इनिट-टायमर’ नावाच्या फंक्शनला (कोडच्या नाव दिलेल्या एका तुकड्याला) हाक मारतोय आणि त्या नावाचं इथे कुणीच राहत नाही, असा त्याचा अर्थ. मला मनापासून आनंद झाला, कारण या एका ओळीमागची गोष्ट मला फार आवडते. पण त्याआधी ड्रायव्हर मुळात आपल्याच संगणकावर कंपाइल का करावा लागतो, ते पाहू.

ब्राउझर किंवा गाणी वाजवणारा प्रोग्राम एकदा कंपाइल केला की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पुष्कळ आवृत्त्यांवर चालतो. असे प्रोग्राम कर्नलच्या बाहेर राहतात आणि ठरलेल्या खिडकीतून त्याच्याकडे मागण्या करतात. ड्रायव्हरचं तसं नाही, तो कर्नलच्या आतच राहायला जातो. कर्नलची अंतर्गत माहिती स्मृतीत ‘स्ट्रक्चर’ नावाच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवलेली असते. एका गठ्ठ्यात अनेक रकाने एकापुढे एक मांडलेले असतात, आणि ड्रायव्हर थेट त्यांत हात घालतो. माणसाने लिहिलेल्या कोडमध्ये या रकान्यांना नावं असतात. कंपाइल करताना ती नावं गळून पडतात आणि मागे उरतात फक्त अंतरं: ‘गठ्ठ्याच्या सुरुवातीपासून २४ बाइट पुढे जा आणि तिथलं वाच’. कर्नलमध्ये कुणी मधेच एक रकाना वाढवला की पुढचं सगळं सरकतं. जुना कंपाइल केलेला ड्रायव्हर मात्र २४ बाइटांवरच जातो आणि तिथे जे सापडेल ते खरं मानून चालतो.

ही अंतरं कंपायलरला कळतात ती ‘कर्नल हेडर’ नावाच्या फाइलींवरून. चालू कर्नलची तंतोतंत जुळणारी हेडर बसवलेली नसतील तर काम सुरूच होत नाही, आणि ‘बिल्ड’ नावाची डिरेक्टरी सापडत नसल्याची तक्रार येते. पुष्कळांचा ड्रायव्हर इथेच अडतो. आपल्या लिनक्सच्या भांडारातून त्याच आवृत्तीची हेडर बसवली की प्रश्न मिटतो. अपडेट करून संगणक पुन्हा सुरू केला नसेल तर मात्र चालू कर्नल एक आणि हेडर दुसऱ्याची असा घोळ होतो, तेवढं पाहावं. भाचीकडे हेडर बरोबर होती. तिची अडचण पुढची होती.

आता तो टायमर. मोडेमच्या ड्रायव्हरला ठरावीक वेळाने काहीतरी तपासायचं असतं: नवे बाइट आले का, लाइन अजून जोडलेली आहे का. त्यासाठी तो कर्नलला सांगतो, ‘इतक्या वेळाने मला उठव’. हा निरोप ज्या गठ्ठ्यात लिहितात त्याचं नाव ‘टायमर-लिस्ट’. जुन्या कर्नलमध्ये त्यात दोन महत्त्वाचे रकाने होते. कोणत्या फंक्शनला उठवायचं ते एकात, आणि उठवताना त्याच्या हातात कोणती चिठ्ठी द्यायची ते दुसऱ्यात. ‘डेटा’ नावाच्या या चिठ्ठीत ड्रायव्हर बहुधा आपल्या मोडेमच्या गठ्ठ्याचा पत्ता लिहून ठेवी, म्हणजे जागं झाल्यावर कोणत्या मोडेमचं काम आहे ते कळे. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं.

पण सुरक्षेच्या दृष्टीने ही मांडणी घातक होती. शेजारच्या गठ्ठ्यात मर्यादेबाहेर लिहिता येईल अशी चूक कुठे सापडली, तर हल्लेखोर टायमरचे हे दोन्ही रकाने एकदम खरडू शकतो. फंक्शन त्याच्या पसंतीचं, चिठ्ठीही त्याच्या पसंतीची. थोड्या वेळाने कर्नल स्वतःच, आपल्या पूर्ण अधिकारानिशी, ते फंक्शन ती चिठ्ठी देऊन चालवतो. म्हणून कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुक आणि इतरांनी हा रकानाच काढून टाकायचं काम हाती घेतलं. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीत ‘इनिट-टायमर’ गेलं, चिठ्ठीचा रकाना गेला आणि ‘टायमर-सेटअप’ हे नवं फंक्शन तेवढं उरलं. ६४ बिटांच्या संगणकावर टायमरचा गठ्ठा ४८ बाइटांचा होता, तो ४० बाइटांवर आला.

चिठ्ठी गेली, मग जागं झालेल्या फंक्शनला आपला मोडेम कसा ओळखू येतो? त्याच्या हाती आता फक्त टायमरचा पत्ता दिला जातो. पण टायमर कुठे सुटा पडलेला नसतो, तो मोडेमच्या मोठ्या गठ्ठ्याच्या पोटातच असतो. समजा मोडेमचा गठ्ठा स्मृतीत १०,००० या पत्त्यावर सुरू होतो आणि टायमर त्यात २४० बाइट आत आहे. म्हणजे टायमरचा पत्ता १०,२४०. हे २४० कंपाइल होतानाच ठरलेलं आहे. हातात १०,२४० आले की त्यातून २४० वजा करायचे, मोडेमचा गठ्ठा सापडला! फलाटावर आपण इंजिनापासून पाचव्या डब्याशी उभे आहोत हे माहीत असेल तर इंजिन कुठे आहे ते कुणाला विचारावं लागत नाही, इंजिनाच्या दिशेने चार डबे ओलांडायचे, तसंच. या वजाबाकीला कर्नलमध्ये ‘कंटेनर-ऑफ’ म्हणतात आणि ती तिथे जागोजागी वापरलेली आहे. जी गोष्ट जागेवरूनच काढता येते ती वेगळी लिहून ठेवायचं कारण उरत नाही, आणि जे लिहिलेलंच नाही ते कुणी खोटं करू शकत नाही. एका वजाबाकीने प्रत्येक टायमरमागे आठ बाइट वाचले आणि हल्लेखोराची एक वाटही बंद झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर चौकोन काढून, पत्ते लिहून दोनदा पडताळून पाहिलं होतं. भाचीलाही तसेच चौकोन काढायला लावले.

टायमरच्या याच गठ्ठ्यात आणखी एक खुबी आहे. एकाच माहितीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून कर्नल जी कुलुपं घालतो, त्यांच्या तपासणीची ‘लॉकडेप’ सोय चालू ठेवून कर्नल बांधला तर गठ्ठ्यात एक जादा रकाना येतो. आवृत्ती तीच, तरी अंतरं वेगळी. दुसऱ्याच्या संगणकावर कंपाइल झालेली ड्रायव्हरची फाइल आणून टाकणं का धोक्याचं आहे, ते इथे दिसतं. कर्नल अशी फाइल आत घेण्याआधी तिच्यावरचा शिक्का तपासतो आणि जुळला नाही तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून परत पाठवतो. हा शिक्का न तपासता जबरदस्तीने ड्रायव्हर चढवायची सोय आहे, आणि ‘फोर्स लावा, चालतं’ असा सल्ला देणारेही भेटतात. हा सल्ला कधीच मानू नये. चुकीच्या अंतरावर वाचणारा ड्रायव्हर आज चालल्यासारखा दिसेल आणि उद्या दुसऱ्याच कुठल्या गठ्ठ्यात, कदाचित डिस्कवर जाणाऱ्या माहितीत, खाडाखोड करील. आज्ञेचा अर्थ न कळता ती ‘सुडो’ लावून चालवणं हा मला मंत्र-तंत्राचाच प्रकार वाटतो. एखाद्या वेळी गुण येतोही, पण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण तिथेच अडकतो.

एकच कोड जुन्या-नव्या दोन्ही कर्नलवर चालावा म्हणून काळजी घेणारे लेखक त्यात आवृत्तीची अट घालतात: ४.१५ च्या आधीचा कर्नल असेल तर हे, नंतरचा असेल तर ते. ही तुलना एका आकड्याने होते. पहिला अंक गुणिले ६५,५३६, दुसरा गुणिले २५६, तिसरा तसाच, आणि तिन्हींची बेरीज. ४.१५.० चा आकडा येतो २,६५,९८४. तिसऱ्या अंकाला एकच बाइट, म्हणजे २५५ पर्यंतच जागा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४ ची दुरुस्ती-मालिका खरोखरच ४.४.२५६ पर्यंत पोचली, आणि या हिशोबाने ४.४.२५६ आणि ४.५.० यांचा आकडा एकच झाला असता! तेव्हापासून या हिशोबात तिसरा अंक २५५ वरच थांबवतात. भाचीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र अशी एकही अट नव्हती. लिहिणाऱ्याने तो एका काळच्या कर्नलसाठी लिहिला आणि तिथेच सोडून दिला.

असे बदल सतत होत असतात. ५.० मध्ये ‘ॲक्सेस-ओके’ या फंक्शनला द्यायचा एक आर्ग्युमेंट (हाती द्यायची माहिती) कमी झाला, ५.६ मध्ये कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’च्या फाइली बनवायची रीत बदलली, ६.४ मध्ये ‘क्लास-क्रिएट’चा पहिला आर्ग्युमेंट गेला. लोक चिडतात, आणि ते मला समजतं. पण लिनक्सने शब्द दिलाय तो बाहेरच्या प्रोग्रामांना: तुमचं चालू असलेलं काम आम्ही मोडणार नाही. लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स त्यावर अडून बसतात. आतल्या मांडणीबद्दल असा शब्द कधीच दिलेला नाही, आणि कर्नलची देखभाल करणाऱ्या प्रमुखांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची कारणं कर्नलच्या दस्तऐवजांतच लिहून ठेवली आहेत. आतली मांडणी गोठवली असती तर तो चिठ्ठीचा रकाना आजही तिथेच असता. आत एक नियम मात्र पाळला जातो: जो फंक्शन बदलेल त्याने कर्नलच्या मूळ कोडमधल्या ते वापरणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांची दुरुस्तीही करायची. त्या कोडबाहेर राहिलेल्या ड्रायव्हरकडे कुणी पाहत नाही.

टेलिफोन लाइनवरच्या जुन्या ‘विनमोडेम’चे अनेक ड्रायव्हर याच कारणाने गेले. त्या मोडेममध्ये आवाजातून माहिती काढण्याचं आणि माहितीतून आवाज घडवण्याचं गणित करणारी चिप वगळलेली असे आणि ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेलं असे. या गणिताचा भाग काही कंपन्यांनी कंपाइल करूनच दिला, मूळ कोड दिला नाही. भोवतीचं वेष्टण दुरुस्त करता येतं, आतल्या बंद फाइलीपुढे मात्र इलाज चालत नाही.

भाचीचा कोड उघडा होता, म्हणून आम्ही तो फोनवरच वाचत गेलो. एका फाइलीत आकड्यांच्या जोड्या होत्या: कंपनीचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक. तिला ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवणारी आज्ञा चालवायला सांगितलं. तिच्या मोडेमचा कंपनी-क्रमांक यादीत होता, उत्पादन-क्रमांक जुळत नव्हता. ‘मामा, फाइल मॅनेजरमध्ये हा सीडी म्हणून दिसतोय,’ ती म्हणाली. तिथे उलगडा झाला. असे मोडेम जोडल्यावर आधी सीडी असल्याचं सांगतात, कारण त्यांच्या पोटातच ड्रायव्हरच्या फाइली असतात. ठरावीक संदेश मिळाला की ते यूएसबीवरून नाहीसे होतात आणि दुसऱ्या क्रमांकाने, मोडेम म्हणून, परत येतात. अनेक मोडेमना हा संदेश ३१ बाइटांचा लागतो. तो पाठवणारा ‘यूएसबी-मोडस्विच’ हा प्रोग्राम तिच्या लिनक्सवर बसवलेलाच नव्हता.

तो बसवला आणि मोडेम काढून पुन्हा लावला. या वेळी यादीत जुळणारा क्रमांक आला आणि कर्नलमधल्याच ‘ऑप्शन’ नावाच्या ड्रायव्हरने तो ताब्यात घेतला. हा ड्रायव्हर मूळ कोडमध्येच राहतो, त्यामुळे प्रत्येक बदलाबरोबर त्याचीही डागडुजी होत आली आहे. तिला काहीच कंपाइल करावं लागलं नाही. ‘टीटीवाय-यूएसबी’ नावाची तीन दारं उघडली. तिला त्यातलं एक टर्मिनलमध्ये उघडून ‘एटी’ ही दोन अक्षरं टाइप करायला सांगितली. हेज कंपनीने १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी आणलेल्या आज्ञांची ही सुरुवात. तिने एंटर दाबलं आणि खालच्या ओळीत उत्तर आलं: ‘ओके’.