पारेषण-संलग्न सौरवीज (मराठवाडा)

पारेषण-संलग्न सौरवीज : सौर पॅनेलांतून मिळणारी एकदिश (डीसी) वीज इन्व्हर्टरद्वारे प्रत्यावर्ती (एसी) करून, बॅटरीत न साठवता, थेट वीजवाहिनीत सोडण्याची पद्धत. विकसनशील देशाला ती परवडेल का, ही चर्चा बराच काळ पॅनेलांच्या किमतीभोवती फिरली. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली या आठ जिल्ह्यांत मात्र व्यवहार्यतेचा निर्णय उन्हापेक्षा आणि किमतीपेक्षाही उपकेंद्रापासून डीपीपर्यंतच्या (गावातील रोहित्रापर्यंतच्या) तारेवर ठरतो.

भारतातील आरंभाविषयी एकमत नाही. उत्तर प्रदेशात कल्याणपूर (जि. अलीगढ) व सराईसादी (जि. मऊ) येथे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बसवलेले प्रत्येकी १०० किलोवॉटचे संच काही जण आद्य मानतात, त्यांचे स्वरूप प्रायोगिक होते आणि वाहिनीशी जोडणीही अंशतःच होती. मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पांत जामुरिया (प. बंगाल) व आवान (जि. अमृतसर) असे दोन दावेदार असून दोन्ही २००९ चे आहेत. जामुरियाचा पहिला टप्पा काही महिने आधीचा दिसतो, त्यामुळे अग्रमान त्याला देणे अधिक सयुक्तिक वाटते. महाराष्ट्रात चंद्रपूर (१ मेगावॉट, २०१०) आणि साक्री, जि. धुळे (१२५ मेगावॉट, २०१३) हे सुरुवातीचे टप्पे होत. मराठवाडा या यादीत उशिरा येतो. दरम्यान दर कोसळले होते : केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१०-११ साठी युनिटला १७.९१ रुपये दर ठरवला होता, तर २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २.४४ रुपयांवर आला.

मराठवाड्यात क्षैतिज पृष्ठभागावर दर चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी ५ ते ५.५ युनिट सौर ऊर्जा पडते आणि १ किलोवॉटच्या संचातून वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. पॅनेलातील सौर पेशीचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते, म्हणजे भर उन्हात सातवा हिस्सा उष्णतेतच जातो. काळ्या मातीची धूळ हा आणखी एक वजावटीचा भाग. पॅनेल धुवायला पाणी लागते आणि उन्हाळ्यात तेच मिळत नाही. तरीही तुलना औष्णिक केंद्राशी करावी लागते. खडका बंधारा आटल्याने परळीचे औष्णिक केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले होते. त्या मानाने पॅनेलांची तहान नगण्य आहे.

जोडणीचे तांत्रिक नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत आहेत. त्यांनुसार विद्युत दाब (व्होल्टेज) नियत मूल्याच्या ११० टक्क्यांवर गेल्यास किंवा ८० टक्क्यांखाली आल्यास इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत वाहिनीपासून अलग व्हावे लागते. वारंवारतेच्या मर्यादा ५०.५ व ४७.५ हर्ट्झ. दाब व वारंवारता किमान ६० सेकंद स्थिर राहिल्यावरच पुन्हा जोडणी होते. लाईट गेली की हेच लागू पडते. भर दुपारी लख्ख ऊन असूनही छतावरचा संच बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला खालून वीज मिळता कामा नये. भारनियमनावर उपाय म्हणून संच बसवणाऱ्या ग्राहकाची येथे हमखास निराशा होते. विक्रेते ही गोष्ट आवर्जून सांगतात असे नाही.

कृषी वाहिनीच्या (शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीच्या) टोकाला हे नियम विशेष जाचतात. रब्बीत सगळे पंप एकदम चालू असतात. त्यातून बहुतेकांना ऑटो स्विच लावलेला असल्याने थ्री फेज येताच ते एकाच क्षणी उठतात आणि दाब धाडकन खाली येतो. उलट, पाऊस होऊन उघडीप पडली की पंप बंद आणि ऊन कडक. तेव्हा दाब चढतो. दोन्ही वेळी इन्व्हर्टर अलग होतो. म्हणून विखुरलेल्या छोट्या संचांपेक्षा ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळच प्रकल्प उभारून त्याच उपकेंद्राच्या कृषी वाहिन्यांना वीज देण्याची रचना तज्ज्ञांना अधिक पसंत आहे. तिच्यात पारेषणातील गळती वाचते आणि शेतकऱ्याची रात्रीची पाळी टळते. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७; दुसरी आवृत्ती २०२३) याच तत्त्वावर आहे. दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये धोंदलगाव (ता. वैजापूर) येथे सुरू झाला, क्षमता ३ मेगावॉट.

१ मेगावॉटला ४ ते ५ एकर जागा लागते. खाजगी जमिनीला योजनेत हेक्टरी वार्षिक १.२५ लाख रुपये भाडे असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. कोरडवाहू माळरानाला एवढे उत्पन्न पिकातून क्वचितच मिळते. गायरानाचे गणित वेगळे आहे. मराठवाड्यात भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे गायराने कसत आली आहेत आणि तो हक्क नियमित करून घेण्याची चळवळ जुनी आहे. सातबारावर शासकीय असलेली जमीन प्रत्यक्षात मोकळी असतेच असे नाही.

संध्याकाळची मागणी सौरवीज भागवू शकत नाही; साठवण लागते. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी पाणी पुन्हा वर चढवू शकणारा १२ मेगावॉटचा जलविद्युत संच १९८४ पासून आहे, पण या कामासाठी ती क्षमता अपुरी आहे. याच धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर, तरंगते पॅनेल बसवण्याचा प्रस्तावही आहे. जलाशय पक्षी अभयारण्य असल्याने आणि मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न असल्याने त्याला विरोध झाला; २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधातील याचिकेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला.