न मारण्याची किंमत : ‘डेअरडेव्हिल’वरच्या वादाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीची गच्ची, रात्रीची वेळ. दिवसा वकिली करणारा, रात्री मुखवटा घालून गुंडांना बदडणारा पण कुणाचा जीव न घेणारा आंधळा डेअरडेव्हिल, म्हणजेच मॅट मर्डॉक. त्याला साखळदंडानं जखडून ठेवलंय आणि त्याच्या हाताला पिस्तूल चिकटपट्टीनं असं गुंडाळलंय की टाकून देऊ म्हटलं तरी हातातून सुटणार नाही. समोर फ्रँक कॅसल, म्हणजेच गुन्हेगारांना सरळ ठार मारणारा पनिशर. त्यानं ग्रोटो नावाच्या एका किरकोळ गुंडाला धरून आणलंय आणि त्याच्याकडून एका म्हातारीच्या खुनाची कबुली वदवून घेतलीय. आता तो मॅटला सांगतो, तुझ्या पिस्तुलात एक गोळी आहे. मला मार, नाहीतर मी याला मारतो. मॅट गोळी झाडतो खरी, पण साखळीवर. तो मोकळा होऊन झेपावेपर्यंत ग्रोटोचा जीव गेलेला असतो.

नेटफ्लिक्सवरच्या ‘डेअरडेव्हिल’ सिरीजच्या दुसऱ्या सीझनमधला हा तिसरा एपिसोड. सीझन आला १८ मार्च २०१६ रोजी. नेटफ्लिक्स भारतात सुरू झालं ते त्याच वर्षी ६ जानेवारीला, त्यामुळे अमेरिकेतले फॅन्स या गच्चीवरून भांडायला लागले त्याच आठवड्यात आपल्याकडेही भांडण सुरू झालं. मी तेव्हापासून या वादात आहे आणि अजून त्यातून बाहेर पडलेलो नाही.

फ्रँकची बाजू घेणारे म्हणतात, मॅट ज्यांना बदडतो ते महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर येतात, आणि मग जे मरतात त्यांचं पाप कोणाच्या माथी? मॅटच्या बाजूचे विचारतात, कोण सुधारेल आणि कोण नाही हे ठरवणारा फ्रँक कोण? आणखी एक गट आहे, तो नुसती मोजदाद करतो. पहिल्या सीझनच्या दुसऱ्याच एपिसोडमध्ये मॅटनं एका माणसाचे हाल करून त्याला गच्चीवरून खाली ढकललं आणि तो कोमात गेला. हा गट म्हणतो, ‘मी मारत नाही’ हे मॅटचं वाक्य म्हणजे शुद्ध ‘नरो वा कुंजरो वा’ आहे.

हे तिन्ही सूर २०१६ साली जन्मलेले नाहीत. प्रत्येकामागे कॉमिक्सचा काही दशकांचा इतिहास आहे, आणि तो माहीत झाला की वाद वेगळाच दिसायला लागतो.

सुपरहिरोनं मारायचं नाही हा नियम मुळात कुणा नायकाच्या सदसद्विवेकातून आलेला नाही. तो संपादकाच्या टेबलावरून आला. बॅटमॅनचं स्वतःच्या नावाचं पहिलं मासिक १९४० मध्ये निघालं तेव्हा त्यात बॅटमॅन विमानाला लावलेल्या मशीनगनमधून बिनदिक्कत गोळ्या झाडताना दिसतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी फर्मान काढलं की यापुढे बॅटमॅन बंदूक वापरणार नाही आणि कुणाचा जीव घेणार नाही. वाचक मुलं होती, मासिक विकत घेऊन देणारे आईबाप होते, आणि धंदा त्यांच्या मर्जीवर चालत होता.

पुढे १९५४ साली हा शहाणपणा सगळ्या धंद्यावर लादला गेला. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुलं गुन्ह्यांकडे वळतात असा आरोप पुस्तकभर केला, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीनं न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या, आणि सरकारी बंधनं येण्याआधी प्रकाशकांनी आपणहूनच आचारसंहिता स्वीकारली. प्रत्येक गोष्टीत सत्याचा विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. एप्रिल १९६४ च्या अंकात स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांचा आंधळा वकील डेअरडेव्हिल पहिल्यांदा आला तो या चौकटीत. दिवसा कोर्टात कायदा, रात्री मुखवटा घालून मारामारी. या दोन्हींत विसंगती आहे असं तेव्हाच्या गोष्टींनी कधी फारसं मानलं नाही. मानता येतच नव्हतं.

१९७१ मध्ये संहिता सैल झाली. भ्रष्ट अधिकारी दाखवायला मुभा मिळाली, फक्त शेवटी त्याला शिक्षा झाली पाहिजे ही अट राहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९७४ च्या स्पायडरमॅनच्या १२९ व्या अंकात फ्रँक कॅसल आला. लेखक गेरी कॉनवे. त्यांनी छातीवर छोटी कवटी असलेलं रेखाटन केलं होतं. जॉन रोमिता यांनी ती कवटी छातीभर वाढवली आणि तिचे दात खाली कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्यापर्यंत आणून भिडवले. कल्पना इतकी जबरदस्त होती की पुढे तीच डोकेदुखी झाली, पण ते नंतर. त्या अंकात पनिशर नायक नव्हता. स्पायडरमॅनला खुनी समजून मारायला निघालेला, फसवला गेलेला माणूस होता तो. व्हिएतनामहून परतलेला मरीन, कायद्यावरचा विश्वास उडालेला. वाचकांनी त्याला उचलून धरलं आणि तो राहिला.

मॅटच्या वादाचं खरं बीज मात्र लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांनी पेरलं. १९८१ साली आलेल्या ‘डेअरडेव्हिल’च्या १६९ व्या अंकात बुल्सआय हा खुनी मेंदूतल्या गाठीमुळे भ्रमिष्ट झालाय, दिसेल त्या माणसात त्याला डेअरडेव्हिल दिसतो आणि तो माणसं मारत सुटलाय. शेवटी तो भुयारी रेल्वेच्या रुळांवर बेशुद्ध पडतो, समोरून गाडी येते, आणि डेअरडेव्हिल त्याला ओढून वाचवतो. तिथं हजर असलेला डिटेक्टिव्ह मॅनोलिस त्याला सुनावतो की हा पुन्हा मारेल तेव्हा ते तुझ्यामुळे असेल. संपादकाच्या टेबलावरून आलेल्या नियमाला गोष्टीतल्याच एका माणसानं तोंडावर जाब विचारला. फ्रँकचे समर्थक आजही जे बोलतात ते जवळजवळ शब्दशः मॅनोलिसचं आहे.

आणि मिलरनी तो जाब हवेत सोडला नाही. १९८२ च्या १८१ व्या अंकात वाचवलेल्या बुल्सआयनं एलेक्ट्राला मारलं, मॅटचं जिच्यावर प्रेम होतं तिला. त्याच अंकात उंचावरच्या तारेवरून लोंबकळणाऱ्या बुल्सआयचा हात डेअरडेव्हिलनं जाणूनबुजून सोडला. बुल्सआय मेला नाही, लुळा होऊन अंथरुणाला खिळला. पुढे १९१ व्या अंकात मॅट हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसून रिव्हॉल्वर आलटून पालटून दोघांच्या डोक्याला लावत चाप ओढत राहतो. रिव्हॉल्वर रिकामं आहे हे फक्त मॅटला माहीत आहे. सुपरहिरो कॉमिक्समध्ये ‘मी कोण झालोय’ हा प्रश्न इतक्या जवळून विचारलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

याच दशकात वाचकांच्या हाती थेट निकालही दिला गेला. बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, १९८८ च्या एका अंकात एका नराधमाच्या मागे बाल्कनीपर्यंत जातो आणि तो माणूस खाली पडून मरतो. जेसननं ढकललं की तो घसरला हे वाचकाला दाखवलंच नाही. काही महिन्यांनी प्रकाशकांनी दोन फोन नंबर जाहीर केले : जोकरच्या तावडीतून जेसन वाचावा की मरावा? पन्नास सेंट देऊन लोकांनी मतं दिली. मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. बहात्तर मतांनी एक मुलगा मेला. त्यातल्या प्रत्येकानं नीतीचा विचार करून फोन फिरवला असं मी म्हणणार नाही, पण पात्राच्या चारित्र्याचा निवाडा करणं हा आपला हक्क आहे ही फॅन्सची भावना तिथं पक्की झाली.

गच्चीवरचा प्रसंगही कॉमिक्सचाच वारसा आहे. २००० साली गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलन यांच्या पनिशर मालिकेत फ्रँकनं डेअरडेव्हिलला असंच बांधून हातात पिस्तूल दिलं होतं. तिथं पिस्तुलात गोळी उडवणारी पिनच नव्हती. मॅट चाप ओढतो, काही होत नाही, आणि त्यानं ओढला हे मात्र दोघांनाही कळतं. एनिसच्या गोष्टीत मॅट हरतो. टीव्हीवाल्यांनी खरी गोळी दिली आणि साखळी दिली. हा बदल मला पटतो, कारण सिरीजमध्ये चार्ली कॉक्सनं साकारलेला मॅट हा कबुलीजबाबाच्या खोलीत बसणारा कॅथलिक आहे. त्याचा सगळा झगडा फादर लँटमसमोर पहिल्या एपिसोडपासून मांडलेला आहे, आणि तो चाप ओढून मोकळा होणारा माणूस नाही. पण याच बदलामुळे त्याला उत्तर देण्यातून सुटका मिळाली, हा फ्रँकवाल्यांचा आक्षेपही मला खोडता आलेला नाही.

इकडे पडद्याबाहेर कवटीचं प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. इराकमध्ये काही अमेरिकन सैनिकांनी ती गाड्यांवर रंगवली होती. २०१७ मध्ये केंटकीतल्या कॅटलेट्सबर्गच्या पोलिसांनी ती गस्तीच्या गाड्यांवर चिकटवली आणि टीका झाल्यावर काढली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये संगीत महोत्सवावर अंदाधुंद गोळीबार झाला तेव्हा पनिशरच्या स्वतंत्र सिरीजचा न्यूयॉर्कमधला कार्यक्रम रद्द करावा लागला. गेरी कॉनवे स्वतः पुढे होऊन बोलले. पनिशर हे न्यायव्यवस्था कोसळल्याचं चिन्ह आहे, ते त्याच व्यवस्थेच्या माणसांनी अंगावर मिरवावं याचा त्यांना संताप होता. २०१९ च्या एका अंकात फ्रँक स्वतःच पोलिसांना सांगतो की आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका आहे, मी नाही. २०२२ मध्ये मार्व्हलनं त्याची कवटीच बदलली. तोवर फॅन्समध्येही भाषा बदलली होती. ‘फ्रँक बरोबर आहे’ असं म्हणणाऱ्याला, तू पात्राबद्दल बोलतोयस की खऱ्या पोलिसांबद्दल, हे सांगावं लागायला लागलं.

मला स्वतःला या सगळ्यात एक गोष्ट सतत खटकत आली आहे. ‘मारायचं की नाही’ हा या वादातला सगळ्यात जुना प्रश्न आहे, पण त्याच्या गोंगाटात दुसरा दबून जातो : मॅटचे हात स्वच्छ राहावेत म्हणून किंमत कोण मोजतं? पहिल्या सीझनमध्ये मॅटच्या ऑफिसात काम करणाऱ्या कॅरन पेजनं गुन्हेगारी सम्राट विल्सन फिस्कचा उजवा हात वेस्ली याला त्याच्याच पिस्तुलानं मारलं. तिनं एकामागून एक गोळ्या घातल्या, म्हणून तो स्वसंरक्षण होता की नाही यावर फॅन्सनी तिला वर्षानुवर्षं उभंआडवं घेतलं. मॅटला गच्चीवर जी मोकळीक मिळाली ती तिला कुणी दिली नाही.

आणि रे नदीम. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या सीझनमधला हा भारतीय वंशाचा एफबीआय एजंट, भावाच्या बायकोच्या कॅन्सरच्या उपचारांनी कर्जात बुडालेला. फिस्कनं त्याला हळूहळू गळाला लावला, त्याच्या हातून वाईट कामं करून घेतली. शेवटी त्यानं सगळं कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं आणि मारेकऱ्याची वाट पाहत घराच्या अंगणात बसला. ती मृत्युपूर्व जबानी म्हणून पुरावा ठरली. त्याला मारण्याचा हुकूम दिला होता फिस्कच्या प्रेयसीनं, व्हेनेसानं.

आता त्या सीझनचा शेवट आठवा. मॅट फिस्कला रक्तबंबाळ करतो, मारण्याच्या टोकाला येतो आणि थांबतो. फॅन्स या क्षणावर जीव टाकतात. मीही टाकला होता. पण थांबल्यावर त्यानं काय केलं? सौदा केला. फिस्कनं तुरुंगात जायचं, मॅटचं गुपित जपायचं, कॅरन आणि मॅटचा मित्र व वकिलीतला भागीदार फॉगी यांना हात लावायचा नाही. बदल्यात व्हेनेसाला कुणी धक्का लावणार नाही. नदीमच्या बायकोला, सीमाला, नवऱ्याच्या खुनाचा न्याय मिळाला तो अर्धाच, आणि उरलेला अर्धा मॅटनं विकला. वकील होता तो. आपण काय विकतोय हे त्याला कळत होतं. या सौद्यावरची चर्चा गच्चीच्या चर्चेच्या तुलनेत नगण्य आहे, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

४ मार्च २०२५ रोजी ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ सुरू झाली तेव्हा जुने धागे एकेक करून परत आले. पहिल्याच एपिसोडमध्ये बुल्सआयनं फॉगी नेल्सनला गोळी घातली आणि मॅटनं बुल्सआयला गच्चीवरून ढकललं, मारायच्याच इराद्यानं. बुल्सआय वाचला, १९८२ सारखाच. मॅटनं कोर्टात निर्दोष सोडवलेल्या हेक्टर अयालाला कवटी मिरवणाऱ्यानं गोळी घातली, आणि कवटी गोंदवलेले पोलीस आता गोष्टीतच आले. मोजदाद करणाऱ्यांना नवा आकडा मिळाला, फ्रँकवाल्यांना नवा पुरावा. आठव्या एपिसोडमध्ये मॅटनं फिस्कसाठी छातीवर गोळी झेलली तेव्हा पुन्हा एकदा रात्र रात्र भांडणं झाली.

पण फॉगीला मारायला बुल्सआयला कोणी पाठवलं, हे सीझनच्या शेवटाकडे उघड होतं. व्हेनेसानं. २०१८ च्या त्या सौद्यात मॅटनं फिस्कला घातलेली एक अट फॉगीला हात लावायचा नाही, ही होती.