विद्युत परिपथ, कृतिशील अध्यापन

सेल, बल्ब, तार आणि कळ यांची जोडणी विद्यार्थ्यांनी स्वतः करून धाराविद्युतीच्या मूलभूत कल्पना समजून घेण्याची अध्यापनपद्धती. बालभारतीच्या आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ व नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठांशी तिचा थेट संबंध येतो. प्रस्तुत नोंदीत सोलापूर शहरातील वर्ग डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

संज्ञा : मराठी विश्वकोशात ‘विद्युत् मंडल’, तर पाठ्यपुस्तकांत ‘विद्युत परिपथ’ अशी संज्ञा आढळते. ‘मंडल’ शब्दात बंद वर्तुळाची कल्पना आपोआप येते. पण मग ‘खुले मंडल’ हा प्रयोग विसंगत वाटतो. येथे ‘परिपथ’ स्वीकारला आहे, मुख्यतः तो विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या पुस्तकातला म्हणून. सोलापुरात खरी अडचण ‘करंट’ या शब्दाची होते. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू घरोघरी बोलल्या जातात. वीज गेली की तेलुगूत ‘करेंटु पोयिंदी’, कन्नडमध्ये ‘करेंट होय्तु’ म्हणतात. म्हणजे ‘करंट’ हा वीजपुरवठा. तो येतो, वापरला जातो, जातो. हाच अर्थ मनात असलेला विद्यार्थी बल्बमध्ये धारा ‘खर्च’ होते असे गृहीत धरतो. ‘धारा’ (तारेतून होणारे विद्युत प्रभाराचे वहन) हा शब्द पहिल्याच तासाला वेगळा काढून शिकवणे म्हणूनच श्रेयस्कर.

धारेची दिशा धन टोकाकडून ऋण टोकाकडे मानण्याचा संकेत सामान्यतः अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन याने मांडलेल्या धन-ऋण कल्पनेपर्यंत मागे नेला जातो. 1897 मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर तारेतील कणांचे वहन उलट दिशेने होते हे कळले, तरी संकेत बदलला नाही. आठवीत याचा उल्लेख एकदा पुरे.

पूर्वपीठिका : व्होल्टाचा घट 1800 मधला, ओहमचा नियम (धारा विद्युत दाबाच्या प्रमाणात वाढते) 1827 च्या ग्रंथातला. तत्कालीन घटांचा दाब स्थिर राहत नसल्याने ओहमने मोजमापांसाठी तापयुग्म (दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानास ठेवून दाब मिळवणारी जोडणी) वापरले. वर्गातल्या स्वस्त सेलचा त्रास याच जातीचा आहे. भारतात मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (1972 पासून) साध्या साहित्यातून प्रयोग करण्याची वाट रुळवली.

साहित्य व क्रम : चौघांच्या गटास 1.5 व्होल्टचे दोन मोठे सेल, 2.5 व्होल्ट 0.3 अँपिअरचे दोन टॉर्च-बल्ब, 20 सेंमी लांबीचे सहा तारतुकडे (दोन्ही टोकांचे दीड सेंमी वेष्टन सोललेले) आणि सेलवर तारा दाबून धरण्यासाठी सायकलच्या ट्यूबची 1 सेंमी रुंद वलये. विद्युतरोधक लाखेचा मुलामा दिलेली तांब्याची तार सोललेली दिसते पण नसते. टोके पॉलिश पेपरने घासावीत. ‘तार बरोबर जोडली तरी लागत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

सुरुवात एक सेल, एक बल्ब, एकच तार इतक्यावर करावी. आधी चित्र काढून अंदाज, मग जोडणी. बल्ब पेटण्याच्या मांडण्या चारच : बल्बचे टोक किंवा त्याची धातूची बाजू, सेलच्या धन किंवा ऋण टोकावर. बल्बला दोन संपर्कबिंदू असतात हे इथेच उमगते. होल्डर आधी दिला तर हा मुद्दा झाकला जातो. याच कारणाने आरंभी एलईडी नको : त्यातून धारा एकाच दिशेने वाहते, आणि दोन तांबडे एलईडी 3 व्होल्टवर एकसर (एकापुढे एक) जोडले तर लागतच नाहीत.

पुढे दोन बल्ब एकसर जोडावेत. दोहोंचा प्रकाश सारखा दिसला म्हणजे पहिल्या बल्बने धारा ‘खाल्ली’ नाही. प्रकाशात फरक दिसल्यास बल्बांच्या जागा बदलाव्यात. अंधूकपणा बल्बाबरोबर सरकला तर दोष बल्बाचा. दोन सेलवर एका बल्बाऐवजी दोन एकसर लावल्यास धारा निम्मी होत नाही, साधारण दोन-तृतीयांश राहते, कारण कमी तापलेल्या तंतूचा रोध (धारेला होणारा अडथळा) कमी असतो. ओहमच्या नियमाच्या पडताळ्यास बल्ब वापरू नये; 10 ओहमचा रोधक घ्यावा.

समांतर जोडणीत (प्रत्येक बल्ब स्वतंत्रपणे त्याच दोन टोकांना जोडलेला) पुस्तक म्हणते, प्रकाश बदलत नाही. वर्गात मात्र तो किंचित उतरतो. सेलचा अंतर्गत रोध (सेलच्या आतलाच रोध) दोन्ही मिळून 1 ओहम व बल्बचा 8 ओहम धरला, तर एका बल्बवर सुमारे 2.7 व्होल्ट, दोन समांतर बल्बांवर 2.4 व्होल्ट मिळतात. ही तफावत लपवू नये. जुन्या सेलवर ती मुद्दाम वाढवून दाखवावी.

घरगुती 230 व्होल्टचा पुरवठा आणि लिथियम सेल या कृतींतून पूर्णपणे वगळावेत. तारेने सेलची टोके थेट जोडली तर काही सेकंदांत तार चटका देते.

स्थानिक उदाहरण : काही यंत्रमागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी टांगलेली असते, धागा तुटला की ती खाली पडून कमी दाबाचा परिपथ पूर्ण करते व माग थांबतो. चादरी-टॉवेलांच्या शहरात कळेचे याहून जवळचे उदाहरण नाही. प्रतिकृतीसाठी पुठ्ठ्यावर 5 मिमी अंतराने ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या चिकटवून त्या सेल-बल्बाशी जोडाव्यात, वर सुती धाग्याने लोखंडी वॉशर आडवा टांगावा आणि धागा कापावा. वॉशर हलका असल्यास बल्ब लुकलुकून विझतो. दोन-तीन वॉशर एकत्र बांधावेत. गंजलेला वॉशर घासून घ्यावा. फॉइलवर डिंक सांडला असेल, तर पट्टी बदलण्याखेरीज उपाय नाही.